कातळावरची चित्रे : साधने आणि हेतू



संगमेश्वरचा इतिहास म्हटला की आपण कसब्याच्या कर्णेश्वर मंदिरापासून आरंभ करतो आणि १६८९ साली संभाजी महाराज येथे पकडले गेले त्या दुःखद प्रसंगापाशी येऊन थांबतो. ते योग्यच आहे. परंतु शास्त्री-सोनवीचा काठ सोडून सड्यावर चढावे आणि रत्नागिरी, लांजे, राजापूरच्या बाजूने हिंडावे, म्हणजे त्याहून कितीतरी जुन्या माणसांच्या हातचे काम उघड्या कातळावर पडलेले दिसते.

आम्ही पंडित नव्हे. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे; पुढचे वाचन झाले ते युनियनच्या कचेरीत, सभा आटोपल्यावर. त्यामुळे कोणतीही कारागिरी पाहिली की आमच्या मनात दोन प्रश्न येतात : माल कोणता वापरला, आणि काम कशासाठी केले?

पहिला प्रश्न आधी घेऊ. विष्णु श्रीधर वाकणकर या आपल्या मराठी संशोधकाने १९५७ साली मध्य प्रदेशातील भीमबेटका उजेडात आणले. तेथील गुहांत तांबडा आणि पांढरा हे रंग प्रामुख्याने आढळतात. तांबडा रंग गेरूचा, म्हणजे लोहयुक्त मातीचा. गेरू दगडावर घासून पूड करायची, तीत पाणी, चरबी किंवा झाडाचा डिंक कालवायचा आणि बोटाने अथवा ठेचलेल्या काडीने रेघ ओढायची, अशी ही कृती असावी असे अभ्यासक मानतात. ही केवळ कल्पना नव्हे. दक्षिण आफ्रिकेतील ब्लोम्बोस गुहेत सुमारे १ लाख वर्षांपूर्वीचे शिंपले सापडले. त्यांत गेरू, कोळसा आणि हाडांची भुकटी कालवल्याच्या खुणा होत्या. तो रंगाऱ्याचा कारखानाच म्हणायचा! काळ्या रंगासाठी कोळसा किंवा मँगनीजयुक्त दगड वापरीत. कोळशाचे वय प्रयोगशाळेत काढता येते; गेरूत कार्बन नसल्यामुळे त्याचे वय तसे निघत नाही. चित्रांच्या कालाविषयी वाद होतात, त्याचे हे एक मोठे कारण आहे.

आता आपला सडा पाहा. गेरूला तांबडे करणारे लोह तेच आपल्या जांभ्याला तांबडे करते. पण येथे डोक्यावर छप्पर नाही, आणि पाऊस तर आपणांस ठाऊकच आहे. उघड्या कातळावर रंग किती दिवस टिकणार? आपल्याकडे जे टिकले ते कोरलेले काम. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब असून त्याच्या आकृतीच्या पोटात इतर अनेक प्राणी कोरलेले आहेत. उक्षीला हत्ती आहे, बारसूला माणूस व प्राणी आहेत. कोठे मासे, कोठे गेंडा. आज कोकणात गेंडा औषधालाही नाही! अनेक अभ्यासक या चित्रांचा आरंभ १० ते १२ हजार वर्षांमागे नेतात.

दुसरा प्रश्न हेतूचा. स्पेनमधील अल्तामिराची चित्रे १८७९ साली एका लहान मुलीच्या नजरेस प्रथम पडली. तिच्या वडिलांनी ती प्रसिद्ध केली, तर विद्वानांनी बनावट ठरविली. रानटी माणसाला इतके चांगले काम साधेलच कसे, हा त्यांचा आक्षेप. १९०२ साली त्यांनी चूक कबूल केली, तोवर बाप वारला होता. श्रम करणाऱ्याच्या बुद्धीविषयी अशी शंका आम्ही आजही ऐकतो.

पुढे मत निघाले की ही शिकारीची जादू : जनावर चितारले की ते हाती लागते. मत आकर्षक आहे, पण फ्रान्समधील लास्को गुहेत जी हाडे सापडली ती बहुतेक रेनडियरची, आणि शेकडो जनावरांच्या चित्रांत रेनडियर एकच! खात होते एक आणि चितारीत होते दुसरे. तेव्हा सर्व चित्रांना एकच हेतू चिकटविणे बरे नव्हे. पूजा, टोळीची खूण, मुलांना शिकवण, हे सारेच संभवते.

आमचा तर्क एवढाच, की १८ मीटरचा हत्ती एकट्याने गंमत म्हणून कोरला जात नाही. कोरणारा जितके दिवस कातळावर खपला तितके दिवस त्याला दुसऱ्या कोणी खाऊ घातले असणार. ज्यांच्याकडे कणगी नव्हती त्यांनी आपल्या घासातला घास दिला, म्हणजे ते काम साऱ्यांना गरजेचे वाटत होते.

आता आजचे बोलू. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे यांच्यासारख्यांनी वर्षानुवर्षे सडे तुडवून ही चित्रे जगापुढे आणली. २०२२ साली युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत कोकणातील व गोव्यातील नऊ स्थळे गेली. त्यांतील सात आपल्या जिल्ह्यातील. परंतु चिरे निघतात ते खालच्या मऊ थरातून. वरचा कठीण थर आधी फोडून टाकावा लागतो, आणि चित्रे असतात ती नेमकी त्याच थरावर.

एका खाणीवर असा प्रसंग आम्ही पाहिला. माती झाडताना रेघा दिसल्या, आणि एका मजुराने आम्हांस विचारले, "दादा, काम थांबवलं तर आमची मजुरी कोण देणार?" आम्हांपाशी उत्तर नव्हते. मशीन चालू राहिले. त्या रेघा कशाच्या होत्या ते आता कळणे नाही.

त्या मजुराला दोष देणे आम्हांस जमणार नाही. खाणीचा परवाना देण्यापूर्वी सड्याची पाहणी व्हावी, काम थांबल्यास खाडे धरू नयेत, आणि राखणीचे व वाटाड्याचे काम गावच्याच माणसांना मिळावे, असे आमचे मागणे आहे. उक्षीच्या ग्रामस्थांनी हत्तीच्या राखणीत हात घातला, तेव्हा हे अशक्य नाही. आपल्या सड्यावर कोठे रेघ दिसली तर मशीन येण्याआधी ग्रामपंचायतीत जाऊन सांगा, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.