घोंगडी : घाटावरची लोकर, कोकणातला पाऊस

राजमाची किल्ल्याच्या पायथ्याशी, उल्हास नदीच्या खोऱ्यात असलेले कर्जत तालुक्यातील कोंडाणे हे गाव प्रामुख्याने तेथील बौद्ध लेण्यांसाठी ओळखले जाते. ही लेणी इसवी सनापूर्वी पहिल्या शतकाच्या सुमारास खोदली गेली. कोकणच्या बंदरांकडून घाटमाथ्याकडे जाणाऱ्या जुन्या वाटा याच परिसरातून चढत असत. राजमाचीखालचा कोकण दरवाजा, दक्षिणेचा बोरघाट आणि उत्तरेचा कुसूर घाट यांनी घाटावरचा कोरडा मुलूख व खालचा भाताचा प्रदेश एकमेकांना जोडले होते. कोकणातून मीठ आणि तांदूळ वर जात, तर वरून धान्य व इतर माल खाली येत असे. घाटावरून येणाऱ्या वस्तूंपैकी कोकणातल्या शेतकऱ्याला पावसाळ्यात हवीच असणारी एक वस्तू म्हणजे घोंगडी.

कर्जत-खालापूर पट्ट्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गुरे राखणारा, बांधावर उभा राहणारा किंवा शेताची राखण करणारा माणूस घोंगडीची खोळ करून ती डोक्यावरून पाठीवर सोडत असे. आवणीच्या कामात इरले आणि गुरांमागे घोंगडी, अशी ही सोय होती. मात्र ज्या प्रदेशाला घोंगडीची सर्वाधिक गरज, त्याच प्रदेशात ती तयार होऊ शकत नव्हती. कारण तेथे मेंढी तग धरत नाही. घोंगडीचा सारा व्यवहार या विसंगतीवर उभा आहे.

धनगरवाडा आणि मेंढ्यांचा वाडा

कर्जत आणि खालापूर तालुक्यांच्या डोंगरांत धनगरवाडे आहेत. शहरी वाचकाची कल्पना अशी असते, की धनगर म्हटला की त्याच्याकडे मेंढ्या असणारच. सह्याद्रीच्या या भागात ती खरी ठरत नाही. येथील वस्त्या गवळी धनगरांच्या असून त्यांचे पशुधन म्हणजे प्रामुख्याने म्हशी आणि गाई. दूध, लोणी व तूप विकून त्यावर धान्य मिळवणे हा त्यांचा परंपरागत व्यवसाय. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी या समाजाचा अभ्यास करून १९८२ मध्ये त्यावर शोधनिबंध प्रसिद्ध केला होता.

मेंढ्या पाळणारे धनगर राहतात ते सह्याद्रीच्या पूर्वेकडील पर्जन्यछायेच्या प्रदेशात. माण, खटाव, फलटण, आटपाडी, जत, सांगोला, पुरंदर, बारामती, शिरूर, पारनेर हे त्यांचे तालुके. येथील पाऊस साधारणपणे पाचशे-सहाशे मिलिमीटरच्या आसपास असतो. उघडी माळराने, खुरटे गवत, बोरी-बाभळींचा पाला आणि कोरडी जमीन मेंढीला मानवते. सततच्या ओलाव्याने मात्र तिचे खूर कुजतात, भिजलेली लोकर अंगावर दिवसेंदिवस ओली राहते आणि पाणथळ गवतातून यकृतातील पर्णकृमीची बाधा होते. म्हणूनच सह्याद्रीच्या एका बाजूला म्हैस आणि दुसऱ्या बाजूला मेंढी अशी विभागणी झाली. तिचे मूळ पावसाच्या मानात आहे.

दिवाळीनंतरची वाट

पावसाळा संपला की चित्र बदलते. माळावरचे गवत आणि पाणी कमी होऊ लागते, त्याच सुमारास कोकणात भाताची कापणी उरकते. दिवाळीच्या आसपास मेंढपाळांचे वाडे घाट उतरू लागतात. काही कुटुंबे मिळून एक वाडा बनतो. घोड्यांच्या पाठीवर बिऱ्हाड, त्यावर लहान मुले, कोंबड्या आणि कोकरे, पुढे मेंढ्यांचे कळप आणि सोबत राखणीचे कुत्रे असा हा प्रवास असतो. पारनेर परिसरातील मेंढपाळ माळशेज घाटाने ठाणे जिल्ह्याकडे, तर इतर भागांतील वाडे आपापल्या ठरलेल्या घाटांनी रायगडात येतात. अलीकडे प्रवासाचा काही भाग ट्रकनेही होतो. पावसाआधी सर्व वाडे पुन्हा घाटावर परततात.

कोकणात या मेंढ्यांचे स्वागत होत आले, ते त्यांच्या खतासाठी. रात्री मोकळ्या शेतात दोरीच्या जाळ्याची वाघर लावून कळप कोंडला जातो. याला मेंढ्या बसवणे म्हणतात. लेंडी आणि मूत्र थेट जमिनीत मुरते; पुढच्या भातपिकाला ते उपयोगी पडते. त्याबदल्यात शेतकरी भात, तांदूळ किंवा रोख रक्कम देतो. मेंढीला चारा, मेंढपाळाला धान्य आणि शेताला खत असा हा तिहेरी व्यवहार आहे. पिढ्यानपिढ्या त्याच गावात, बहुधा त्याच शेतकऱ्याकडे मेंढ्या बसवण्याची रीत असल्यामुळे त्याला घरोब्याचे स्वरूप आले.

दख्खनी मेंढी

या कळपांतील मूळ जात दख्खनी. महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण आणि आंध्र प्रदेशाच्या पठारी भागांत ती आढळते. महाराष्ट्रात तिचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे स्थानिक प्रकार मानले जातात. बांध्याने मध्यम, रंगाने बहुधा काळी किंवा काळी-पांढरी असलेली ही मेंढी रोज मैलोन्‌मैल चालू शकते आणि निकृष्ट चाऱ्यावर निभावते. तिच्यापासून मिळणारी लोकर थोडी असते, वर्षाकाठी साधारण अर्धा ते एक किलो. शिवाय ती जाडीभरडी आणि केसाळ असते. स्वेटर किंवा सुटाच्या कापडासाठी लागणाऱ्या मेरिनो लोकरीशी तिची तुलना होऊ शकत नाही.

घोंगडीसाठी मात्र हाच भरडपणा गुण ठरतो. जाड तंतूंची घट्ट वीण वर्षानुवर्षे टिकते. कोणतीही लोकर आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा शोषूनही हाताला फारशी ओली लागत नाही आणि ओलावा शोषताना थोडी ऊब निर्माण करते. पावसात उभ्या असलेल्या गुराख्याला हा गुण उपयोगी पडे. पूर्ण भिजलेली घोंगडी मात्र जड होते आणि लवकर वाळत नाही. रखडलेल्या कामाला मराठीत ‘भिजत घोंगडे’ म्हणतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

कातरणीपासून मागापर्यंत

मेंढ्यांची लोकर वर्षातून साधारणपणे दोनदा कातरली जाते. कातरणीआधी मेंढ्या ओढ्यात किंवा नदीत धुतात, म्हणजे माती, काटे आणि कुसळे निघतात. नंतर लोकर रंगाप्रमाणे निवडतात. कोकराची पहिली लोकर म्हणजे जावळ; ती सर्वांत मऊ असल्याने जावळाच्या घोंगडीला विशेष मान आणि अधिक किंमत मिळते.

निवडलेली लोकर पिंजून मोकळी करतात आणि तिचे पेळू वळतात. सूतकताई हे मुख्यतः स्त्रियांचे काम. त्यासाठी चरखा किंवा चाती वापरतात. दख्खनी लोकरीचे तंतू आखूड आणि ताठ असल्यामुळे एकसारखा धागा काढायला सरावलेला हात लागतो. एका घोंगडीला लागणाऱ्या सुताच्या कताईचा वेळ प्रत्यक्ष विणकामापेक्षा कितीतरी अधिक असतो. घोंगडीची किंमत ठरवताना हे श्रम बहुधा दुर्लक्षित राहतात.

पुढचे काम विणकरांचे. खुटेकर धनगर आणि सणगर हे घोंगडी विणणारे परंपरागत समाज होत. जमिनीत खुंट्या रोवून त्यांवर ताण्याचे धागे लांब पसरतात. केसाळ सूत एकमेकांत गुंतू नये आणि विणताना तुटू नये म्हणून त्याला खळ देतात. ही खळ चिंचोक्यांची असते. चिंचोके भाजून, टरफले काढून, भिजवून वाटतात आणि शिजवून त्यांची लापशी करतात. ती ताण्यावर कुंच्याने सारखी फिरवून उन्हात वाळवली जाते. ढगाळ हवेत हे काम थांबते.

घोंगडीचा माग हा खड्डामाग असतो. विणकर जमिनीच्या पातळीवर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि पायांखालच्या पावड्या दाबून ताण्याचे धागे आळीपाळीने वर-खाली करतो. मोकळ्या झालेल्या फटीतून बाण्याचे सूत भरलेला धोटा हाताने सरकवतो आणि प्रत्येक धागा ठोकून बसवतो. साधी वीण, काळ्या रंगाची जमीन आणि पांढऱ्या सुताची किनार हे घोंगडीचे ओळखीचे रूप. हा रंग मेंढीच्या लोकरीचाच असतो; रंगवण्याची गरज पडत नाही. लोकरीपासून न विणताही वस्तू होतात. साबणाच्या पाण्याने ओली केलेली लोकर लाटून आणि तुडवून जो नमदा बनतो, त्याला बुरणूस किंवा जेन म्हणतात. कोल्हापूर जिल्ह्यातील पट्टणकोडोली परिसर त्यासाठी ओळखला जातो.

देवाचे आसन

घोंगडीला धनगरांच्या धर्मजीवनात मोठे स्थान आहे. बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबा हे मेंढपाळांचे देव. खंडोबाची दुसरी पत्नी बाणाई धनगराची मानली जाते. सांगली जिल्ह्यातील आरेवाडीचा बिरोबा आणि पट्टणकोडोलीचा बिरदेव यांच्या यात्रांना हजारो धनगर जमतात. भंडाऱ्याची उधळण आणि ढोलाच्या तालावरील गजनृत्य हे त्यांचे वैशिष्ट्य. पूजेत देवाची मांडणी घोंगडीवर होते आणि मानाचा माणूस घोंगडीवर बसतो. जर्मन संशोधक ग्युंटर सोन्थायमर (१९३४–१९९२) यांनी या दैवतांचा आणि धनगरांच्या मौखिक परंपरेचा अनेक वर्षे महाराष्ट्रात फिरून अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९७६ मध्ये जर्मन भाषेत आणि १९८९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाला. रा. चिं. ढेरे यांनी ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’ (१९८४) या ग्रंथात पंढरीच्या विठ्ठलाचे मूळही गोपजनांच्या आणि धनगरांच्या दैवतपरंपरेत शोधले आहे.

लोकर नको झाली

आज हा व्यवहार अनेक ठिकाणी तुटला आहे. प्लास्टिकच्या कागदाने आणि रेनकोटाने पावसातली घोंगडी हटवली. पानिपतची, जुन्या लोकरी कपड्यांच्या चिंध्यांपासून बनणारी स्वस्त ब्लँकेटे आणि कृत्रिम धाग्यांची पांघरुणे आल्यावर अंथरुणातली घोंगडीही मागे पडली. मागणी घटताच लोकरीचा भाव इतका खाली आला, की अनेक मेंढपाळांना कातरणीची मजुरी लोकरीच्या विक्रीतून सुटत नाही. कातरलेली लोकर माळावरच टाकून देण्याची वेळ त्यांच्यावर येते.

दुसरीकडे मांसाची मागणी वाढत गेली. त्यामुळे जत तालुक्यातील माडग्याळ मेंढीसारख्या उंच, वजनदार पण फारशी लोकर नसलेल्या मेंढ्यांना पसंती मिळू लागली. संशोधनाचा भरही मांसाकडे वळला. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने पश्चिम बंगालमधील गरोळ मेंढीतील जुळी कोकरे देणारे जनुक दख्खनी मेंढीत आणले. त्यातून एका वितात अधिक कोकरे मिळू लागली. शासनाच्या पातळीवर पुण्याचे मेंढी व शेळी विकास महामंडळ १९७८ पासून काम करीत आहे. वीस मेंढ्या आणि एक नर असा गट अनुदानावर देणारी राजे यशवंतराव होळकर महामेष योजना २०१७ मध्ये सुरू झाली. विसाव्या पशुगणनेनुसार (२०१९) राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या होत्या. म्हणजे मेंढी संपलेली नाही. तिच्या पाठीवरची लोकर मात्र हिशेबातून बाहेर गेली आहे.

कोकणातील बाजूही बदलली आहे. कर्जत आणि खालापुरात शेतजमिनींवर फार्महाऊस, गृहप्रकल्प आणि कारखाने उभे राहिले. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला. कुंपण पडलेल्या जमिनीत मेंढ्या बसत नाहीत आणि महामार्गावरून कळप नेता येत नाही. रासायनिक खताच्या सवयीने लेंडीखताची गरजही कमी वाटू लागली. ज्या गावांत भातशेती टिकून आहे, तेथे मात्र मेंढ्यांची वाट अजूनही पाहिली जाते.

पुढे काय

गेल्या काही वर्षांत देशी लोकरीकडे पुन्हा लक्ष जाऊ लागले आहे. काही संस्था आणि विणकर हातमागाच्या घोंगडीला शहरांत ग्राहक मिळवून देत आहेत. योगासाठीची आसने, गालिचे आणि पिशव्या अशी नवी रूपेही आली आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे वर्ष कुरणे आणि पशुपालक यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले, त्यामुळे भटक्या मेंढपाळांच्या प्रश्नांना वाव मिळाला.

तथापि केवळ ग्राहक मिळाल्याने घोंगडी वाचेल असे नाही. हौसेने घेतलेली घोंगडी विणण्यासाठीही लोकर देणारी दख्खनी मेंढी कळपात असावी लागते, सूत कातणाऱ्या स्त्रीच्या श्रमाला मोल मिळावे लागते आणि मेंढीला उन्हाळा काढण्यासाठी घाटाखालची मोकळी जमीन लागते. यंत्रमागावर विणलेली, कृत्रिम धागा मिसळलेली घोंगडीही बाजारात हातमागाची म्हणून विकली जाते, याकडेही ग्राहकाने लक्ष द्यायला हवे. लोकर न देणाऱ्या मेंढीशी सतत संकर होत राहिला, तर काही पिढ्यांनी दख्खनी मेंढीचा हा गुणच नाहीसा होईल. मग माग आणि विणकर दोन्ही असूनही विणायला सूत उरणार नाही. त्यामुळे घोंगडीच्या संवर्धनाची सुरुवात मागाच्या खड्ड्याऐवजी माळावरच्या कळपापासून करावी लागेल.