नॉरफोकची ‘ब्रॉड’ सरोवरे : निसर्गनिर्मित की मानवनिर्मित?

इंग्लंडच्या पूर्वेस नॉरफोक व सफोक या परगण्यांत ब्यूर, येअर, वेव्हनी इत्यादी नद्यांच्या खोऱ्यांत ‘ब्रॉड’ नावाची अनेक उथळ सरोवरे आहेत. ही सरोवरे प्राचीन खाडीचे अवशेष होत, असे विद्वान दीर्घकाळ मानीत आले. १९५२ च्या सुमारास वनस्पतिशास्त्रज्ञ जॉइस लँबर्ट यांनी या मतास प्रथम धक्का दिला. त्यांनी जवळजवळ अंतरांवर भूस्तरांत छिद्रे घेतली, तेव्हा सरोवरांचे काठ जवळजवळ उभे व तळ सपाट असल्याचे आढळले. मधूनमधून न खोदलेल्या पीटचे सरळ बांधही मिळाले. पीट म्हणजे कुजलेल्या वनस्पतींचा ज्वलनक्षम थर. नैसर्गिक जलाशयाची घडण अशी असत नाही. ही तर खाण होती.

या अनुमानास कागदपत्रांचीही जोड मिळाली. मध्ययुगात पूर्व नॉरफोकमध्ये लोकवस्ती दाट होती व जंगल विरळ. सरपणाची ही उणीव पीटने भरून काढली. सेंट बेनेट येथील मठ व नॉर्विचचा धर्ममठ यांच्या दप्तरांत पीट खोदाईचे उल्लेख विपुल आहेत. तेराव्या शतकापासून समुद्राची पातळी चढू लागली. १२८७ च्या वादळी महापुराने किनाऱ्यावर हाहाकार उडविला. खाणींत पाणी साचले, खोदाई मागे पडली. पुढील दप्तरांत पीटऐवजी मासेमारीचे उल्लेख वाढतात, ही गोष्ट सूचक होय. वनस्पतिशास्त्र, भूगोल व इतिहास यांचा असा मेळ घालणारा एकत्रित प्रबंध १९६० मध्ये प्रसिद्ध झाला.

या निष्कर्षाचे महत्त्व केवळ पुराणवस्तूंपुरते नाही. बोरूच्या बनांत राहणारा बिटर्न पक्षी आणि ब्रिटनमध्ये केवळ याच प्रदेशात प्रजनन करणारे स्वॅलोटेल फुलपाखरू यांना आश्रय देणारी ही भूमी माणसाच्या श्रमांतून घडली आहे. छपरे शाकारण्यासाठी बोरू कापला जाई, म्हणून दलदल मोकळी राही. कापणी मंदावताच तेथे विलो व आल्डरची झाडी माजली. विसाव्या शतकात सांडपाणी व खते यांमुळे बहुतेक सरोवरांतील पाणवनस्पतीही लोपल्या. १९८८ च्या कायद्याने या प्रदेशास राष्ट्रीय उद्यानासारखा दर्जा मिळाला. तथापि, येथील निसर्ग केवळ कुंपण घालून राखता येणार नाही. ज्या श्रमांनी तो घडला, ते श्रम चालू ठेवणे हेच त्याचे रक्षण होय.