हौशी खेळाडू आणि संस्थेचा खजिना



आपल्या शाळेच्या दिवंगत क्रीडाशिक्षकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या व्याख्यानमालेतील यंदाचे पुष्प गुंफण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी आपला ऋणी आहे. माझे आयुष्य मराठीच्या अध्यापनात गेले. मी संतवाङ्मयावर किंवा भाषेवर बोलावे, अशी अपेक्षा असणे स्वाभाविक आहे. परंतु ज्या सरांच्या नावाने आपण जमलो आहोत, त्यांनी मला व्याकरण शिकवले नाही; त्यांनी मला जमाखर्च लिहावयास शिकवले. म्हणून आज त्यांच्याच विषयावर बोलावे असे ठरवले.

१९६६ साली मी नववीत होतो. सुपा गाव तेव्हा काळी नदीच्या काठी नांदत होते. धरणाचे पाणी अद्याप यावयाचे होते. माझ्यापुढच्या वर्गातील एक मुलगा सायकल अशी चालवी की घाटात मालमोटारीला मागे टाकी. सायकल त्याची नव्हती. वनखात्यातील एका गार्डाची ती जुनी, काळी, जड सायकल. तिचे मडगार्ड आणि कॅरिअर काढून सरांनी तिला शर्यतीची केली होती. जिल्ह्याच्या शर्यतीत तो पहिला आला आणि राज्याच्या शर्यतीसाठी निवडला गेला. ज्या संघटनेने निवड केली, तिने कळवले की तूर्त आपल्या खर्चाने यावे, प्रवासखर्च मागाहून मिळेल. सरांनी सुप्याच्या दुकानदारांकडून आणि स्वतःच्या पगारातून ३७ रुपये ४० पैसे जमवले. मुलगा गेला, शर्यत त्याने पुरी केली, क्रमांक आला नाही. सरांनी संघटनेला तीन पोस्टकार्डे पाठवली. एकाचे उत्तर आले : पावत्या पोहोचल्या, मंजुरी व्हावयाची आहे. त्यानंतर काही आले नाही. पुढच्या वर्षी तो मुलगा शर्यतीला गेला नाही. दांडेलीला कामाला लागला. सरांच्या वहीत एक ओळ राहिली : "येणे : रु. ३७-४०."

ही ओळ मला आयुष्यभर सोडून गेली नाही. पैसे बुडाले याचे दुःख लहान होते. त्या मुलाला जे छळत होते ते वेगळेच. तो विचारी, "सर, त्यांच्याकडे पैसे नव्हते की होते आणि दिले नाहीत?" या प्रश्नाचे उत्तर सरांपाशी नव्हते. आजच्या व्याख्यानाचा विषय हाच प्रश्न आहे.

'हौस' या शब्दाविषयी थोडेसे

'हौशी' हा शब्द आपण सहज वापरतो. मूळ शब्द अरबी 'हवस'. मराठीत येताना त्यातील लालसेचा अर्थ मवाळ झाला आणि 'हौस' हा प्रसन्न शब्द जन्मला. 'हौसेला मोल नसते' ही म्हण आपण कौतुकाने उच्चारतो. हौशी खेळाडूच्या बाबतीत मात्र तिचा दुसराच अर्थ खरा ठरला : त्याच्या हौसेला कोणी मोल देत नाही, मोल त्यानेच द्यावयाचे असते.

ही केवळ शब्दांची कसरत नव्हे. आधुनिक ऑलिंपिकने पहिली कित्येक दशके असा दंडक पाळला की खेळातून पैसा मिळवणाऱ्याने तेथे उतरू नये. अमेरिकेच्या जिम थॉर्पने १९१२ साली स्टॉकहोमला दोन सुवर्णपदके जिंकली. त्याने पूर्वी बेसबॉल खेळून थोडे मानधन घेतले होते एवढ्यावरून १९१३ साली ती काढून घेण्यात आली. सायकलीच्या जगात तर या भेदापायी १९६५ साली जागतिक संघटनेच्या छत्राखाली दोन वेगळ्या संस्था उभ्या राहिल्या, एक हौशींची व एक व्यावसायिकांची; त्या १९९२ साली पुन्हा एक झाल्या. हा दंडक उच्च हेतूने घातला असेल. परंतु ज्याच्या घरी उत्पन्न आहे त्यालाच तो परवडणारा होता. गरीब खेळाडूला त्याने कमावण्याची मनाई केली आणि खर्चाची सोय मात्र केली नाही. ती सोय राष्ट्रीय संस्थेने करावी, असे गृहीत होते. म्हणून राष्ट्रीय संस्थेचा खजिना हा हौशी खेळाडूच्या दृष्टीने जिव्हाळ्याचा विषय आहे.

दात्यांचा काळ

आपल्याकडे आधी खेळाडू आले, मग संस्था आली. १९०६ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर १९१९ साली शर्यती झाल्या. अध्यक्षस्थानी दोराबजी टाटा होते. अनवाणी धावणारी खेड्यातील तरुण मुले युरोपातील धावपटूंच्या जवळपास जाणारा वेग दाखवीत आहेत, हे त्यांनी पाहिले. यांना अँटवर्पच्या ऑलिंपिकला का पाठवू नये, हा विचार तेथे रुजला. १९२० साली चार धावपटू आणि दोन मल्ल असे सहा जण गेले. त्यांतील मॅरेथॉन धावपटू फडेप्पा चौगुले हा आपल्या शेजारच्या बेळगावचा. तो एकोणिसावा आला. खर्च कसा भागला? दोराबजींनी स्वतःचे पैसे घातले, सरकारने काही दिले, बाकी वर्गणी.

भारतीय ऑलिंपिक संघटना निघाली १९२७ साली. पहिले अध्यक्ष दोराबजीच. म्हणजे बेळगावचा धावपटू मॅरेथॉन धावून आल्यावर सात वर्षांनी त्याला पाठवणारी संस्था जन्मली. संस्था आली, तरी खजिना भरला असे नव्हे. १९३२ साली लॉस एंजेलिसला सुवर्णपदक जिंकणाऱ्या हॉकी संघाला खर्चाची तोंडमिळवणी करण्यासाठी परतीच्या वाटेवर देशोदेशी सामने खेळावे लागले.

दात्यांच्या या काळाची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. टाटांसारखे लोक नसते तर चौगुले बेळगावच्या रस्त्यावरच धावत राहिला असता. तथापि दान आणि हक्क यांत अंतर आहे. दात्याला कोणी हिशेब विचारीत नाही, विचारणे शोभतही नाही. ही सवय पुढे संस्थांनाही लागली. जे देतील ते घ्यावे आणि आभार मानावेत.

सायकलपटूंची गोष्ट

धावपटूला पाय पुरतात, मल्लाला माती पुरते. सायकलपटूला यंत्र लागते. आणि यंत्र झिजते. टायर, साखळी, चाकांचे आरे, सगळ्यालाच पैसे पडतात. म्हणून खजिन्याची उणीव या खेळाला सर्वांत आधी बोचली.

१९३८ साली सिडनीच्या एम्पायर गेम्समध्ये लाहोरचे जानकीदास सायकलपटू म्हणून उतरले. आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी त्यांना पुढे हिंदी चित्रपटांतील चरित्र अभिनेता म्हणून पाहिले असेल. १९४६ साली त्यांनी आणि सोहराब भूत यांनी देशातील सायकलपटूंची राष्ट्रीय संघटना उभी केली. १९४८ साली लंडनला भारताचा सायकल संघ गेला. त्यात मुंबईच्या पारशी तरुणांचा भरणा होता. १९५२ साली हेलसिंकीला आणि १९६४ साली टोकियोला पुन्हा भारतीय सायकलपटू गेले. त्यानंतर २०२४ च्या पॅरिसपर्यंत एकही भारतीय सायकलपटू ऑलिंपिकमध्ये उतरलेला नाही.

या साठ वर्षांत सायकली थांबल्या होत्या काय? नाही. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट चढणारे 'घाटाचा राजा' होण्यासाठी जिवाचे रान करीत होते. सांगली, पुणे, इकडे विजापूर आणि बागलकोट येथील मुले पहाटे रस्त्यावर उतरत होती. त्यांची तक्रार मी अनेकदा ऐकली आहे, आणि ती आश्चर्यकारकपणे सारखी असते. ती पैसा कमी असल्याची नसते. निवड कशी होते, दौऱ्यावर खेळाडू किती व पदाधिकारी किती, भत्ता ठरला किती व हाती आला किती, हे कळत नाही, अशी ती असते. सुप्याच्या मुलाने विचारले होते तेच.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपल्या बहुतेक क्रीडासंस्था नोंदणीकृत मंडळे आहेत. त्यांचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे. सायकल शर्यतीला तिकीट लावता येत नाही, कारण ती हमरस्त्यावर होते. सरकारी अनुदान उशिरा येते. कित्येक सचिवांनी पदरमोड करून शर्यती भरवल्या आहेत. अशा माणसाला हिशेब विचारला की तो दुखावतो. परंतु ज्याने पदरमोड केली, त्यानेच हिशेब आधी दाखवावा; त्यात त्याचाच मान आहे. दाखवला नाही, की प्रामाणिक माणूसही अप्रामाणिकाच्या रांगेत उभा राहतो.

घर गहाण टाकणारे प्राचार्य

कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आपणा सर्वांना ठाऊक आहेत. १९४८ साली लंडनला जाण्यासाठी कोल्हापूरच्या महाराजांनी त्यांना साहाय्य केले. तेथे ते सहावे आले. १९५२ साली हेलसिंकीला जावयाचे तर पुन्हा झोळी पसरावी लागली. गावकऱ्यांनी वर्गणी काढली, आणि राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे घर गहाण टाकून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कराडहून गोळेश्वरपर्यंत १५१ बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावून प्राचार्यांचे पैसे परत केले.

ही कथा आपण अभिमानाने सांगतो. मीही वर्गात सांगत आलो. पण वय वाढले तसा मला तिच्यात दुसराच प्रश्न दिसू लागला. देशाच्या नावाने लढणाऱ्या मल्लाचे कर्ज एका शिक्षकाच्या घरावर का चढले? खर्डेकरांचा त्याग थोर आहे. परंतु प्रत्येक खाशाबाला एक खर्डेकर भेटेल, ही काही व्यवस्था नव्हे. ज्यांना तो भेटला नाही, त्यांची नावे आपल्याला ठाऊक नाहीत. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. महाराष्ट्राला पुढचे वैयक्तिक पदक नेमबाज स्वप्नील कुसाळे याने दिले २०२४ साली, बहात्तर वर्षांनी.

आपल्या तालुक्यातील धडा

आता आपल्या अंगणात येऊ. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड आणि आपल्या जोयडा तालुक्यात सिद्दी बांधव राहतात. १९८४ साली भारतीय क्रीडा प्राधिकरण स्थापन झाले, आणि १९८७ साली त्याच्या विशेष क्षेत्र योजनेखाली आपल्या जंगलातील सिद्दी मुलेमुली निवडली गेली. पूर्वज आफ्रिकेतून आले, म्हणून यांच्या रक्तातच वेग असणार, असे त्यामागचे गृहीत होते. ते गृहीत मला कधीच रुचले नाही. रक्त कितीही वेगवान असले तरी बूट, अंडी आणि प्रशिक्षक लागतातच. ते मात्र त्या योजनेने दिले, हे कबूल केले पाहिजे. मुले शहरातील वसतिगृहांत गेली, काहींनी राष्ट्रीय पातळीवर पदके मिळवली, काहींना खेळाच्या जोरावर नोकऱ्या लागल्या.

१९९३ च्या सुमारास ती योजना बंद झाली. चौदा-पंधरा वर्षांची मुले पिशव्या घेऊन परत आली. पैसा संपला, की मन बदलले, की कोणाचे चुकले, हे त्यांना कोणी समजावून सांगितले नाही. हौस लावणारी संस्था एक दिवस हौसेसकट निघून गेली. पुढे सुमारे दोन तपांनी अशी निवड पुन्हा सुरू झाली, ही समाधानाची गोष्ट. पण मधल्या काळातील मुले आज पन्नाशीकडे झुकली आहेत; त्यांचे धावण्याचे वय परत येणार नाही.

हिशेब वाचून दाखवण्याची रीत

काळ अगदीच थांबलेला नाही. १० लाख रुपये वा अधिक अनुदान घेणारे राष्ट्रीय क्रीडा महासंघ माहिती अधिकाराच्या कक्षेत येतील, असे केंद्र सरकारने २०१० साली ठरवले. २०११ साली क्रीडा संहिता आली, पदाधिकाऱ्यांच्या वयाला व कालावधीला मर्यादा घातल्या गेल्या. २०२५ साली संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा संमत केला. त्यात क्रीडा मंडळ आहे, तंटे सोडवणारे न्यायाधिकरण आहे, कार्यकारिणीत नामवंत खेळाडूंना जागा आहेत. हे सर्व स्वागतार्ह आहे. मात्र कायदा दिल्लीत होतो आणि प्रवासखर्चाचे पोस्टकार्ड सुप्याहून जाते; या दोहोंच्या मधे जिल्हा असतो, तालुका असतो, शाळा असते. तेथे रीत पडली नाही तर कायदा कागदावर राहतो.

आपल्या सरांनी ती रीत पाडली होती. दरवर्षी क्रीडामहोत्सव संपला की बक्षीस समारंभाच्या आधी ते सर्व मुलांना पटांगणात बसवीत आणि वही वाचून दाखवीत : वर्गणी अमुक, चुना अमुक, लिंबू-साखर अमुक, शिल्लक अमुक. आम्हाला तेव्हा कंटाळा येई. बक्षिसे कधी मिळतील याकडे आमचे डोळे. आज कळते की आम्ही खेळाडू आहोत म्हणून तो हिशेब आमचा आहे, हे ते आम्हाला शिकवीत होते. आणि त्याच वाचनात दरवर्षी ती ओळही येई : "येणे : रु. ३७-४०." ती त्यांनी कधी खोडली नाही, बुडीत खाती टाकली नाही. निवृत्तीच्या वर्षीही वाचली.

ती वही शाळेच्या कपाटात आहे; काल मुख्याध्यापकांनी मला ती दाखवली. सरांच्या नावाने माजी विद्यार्थ्यांनी खेळाडूंसाठी निधी उभारला आहे, त्यात आपण सर्वांनी भर घालावी, ही विनंती आहेच. पण दुसरी विनंती मला अधिक महत्त्वाची वाटते. त्या निधीचा हिशेब दरवर्षी, विश्वस्तांच्या बैठकीत नव्हे, तर पटांगणात, मुलांसमोर, मोठ्याने वाचला जावा. ज्या मुलाला मदत देता आली नाही, त्याला ती का देता आली नाही, तेही त्यात असावे. आणि त्या वाचनाची सुरुवात जुन्या वहीतील त्या येणे रकमेने व्हावी.