कृत्रिम मूत्रपिंड आणि खाज

डायलिसिसवर रोग्यास वर्षानुवर्षे जगविण्याचा प्रयोग प्रथम साधला तो मार्च १९६० मध्ये, अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरी. डॉ. स्क्रिब्नर यांचा तो पहिला रोगी, क्लाइड शील्ड्स, यंत्रकामगार होता. म्हणून आम्हांस त्याचे अगत्य अधिक. तो ११ वर्षे जगला.

१९६८ मध्ये असे दिसून आले की, रक्तशुद्धी सुरू होताच पांढऱ्या पेशी काही मिनिटांत घटतात व मागाहून पूर्ववत होतात. १९७७ मध्ये कारण उमगले. सेलोफेनचा पडदा लागताच रक्तातील संरक्षक प्रथिने खवळतात आणि पेशी फुप्फुसांत अडकतात. पुढे पडदे सुधारले.

खाज मात्र राहिली. पेशी मोजता येतात. खाज रोग्याने सांगावी लागते, आणि तोंडी तक्रारीचे काय होते ते आम्ही गिरण्यांतून पुष्कळ पाहिले आहे! झोप उडविणाऱ्या या खाजेवर खास औषध मंजूर झाले, ते जपानात २००९ साली आणि अमेरिकेत २०२१ साली.