मामांचे खडे

२००६ सालची दिवाळी नुकतीच झाली होती. दर्यापूरच्या मामांचं पोट हळूहळू फुगत होतं. आधी सगळ्यांना वाटलं गॅस असेल, मग वाटलं वय झालं. धोतराची गाठ बसेना तेव्हा मामी म्हणाली, आता अकोल्याला दाखवूच. दर्यापूर अमरावती जिल्ह्यातलं, पण दवाखान्यासाठी अकोला काही लांब नाही, आणि मामांचे सगळे सोयरे तिकडचेच.

सोनोग्राफीत दोन गोष्टी निघाल्या. एक म्हणजे लिव्हरचा सिरॉसिस आणि पोटात पाणी. दुसरी म्हणजे पित्ताशयात तुरीच्या दाण्याएवढे चार-पाच खडे, आणि रिपोर्टात लिहिलेलं, पित्ताशयाची भिंत जाड झाली आहे.

मामा माळकरी. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नव्हते. पण लिव्हर म्हटलं की गाव दारूच समजतं, म्हणून घरात 'सिरॉसिस' हा शब्द कुणी मोठ्यानं उच्चारत नसे. (पुढे तपासणीत काविळीचा 'बी' विषाणू निघाला.) खडे मात्र सगळ्यांना आवडले. खडा ही कशी बोलायला सोपी, अब्रूदार गोष्ट! त्यात आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. पूर्णेच्या दोन्ही अंगांना, दर्यापूर, मूर्तिजापूर, अकोट, तेल्हारा या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं. खडा म्हणजे मूतखडा, हे इथल्या लहान पोरालाही माहीत. घरी लगेच कुळथाचं पाणी सुरू झालं, कुणी पानफुटीची पानं आणून दिली. पित्ताचा खडा आणि लघवीचा खडा यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, पहिला पित्तातून तयार होतो आणि कुळथाच्या पाण्याची वाट त्याच्यापर्यंत जातच नाही, हे सांगायला गेलो तर धाकटे मामा माझ्याकडे दयेनं बघत राहिले.

खरा वाद पुढेच झाला. अकोल्याच्या सर्जननं खडे काढायला सरळ नकार दिला. दुखत नाही ना, मग हात लावू नका, म्हणाले. घरी परत आल्यावर धाकटे मामा उखडले. "खडा हाय त काहाडून टाका ना! थो डॉक्टर काहून भेते?"

'भेते' हा शब्द माझ्या डोक्यात राहिला. त्या वेळी मलाही तसंच वाटलं होतं, खोटं कशाला बोला. नंतरच्या वर्षांत जमेल तसं वाचत गेलो, तेव्हा लक्षात आलं की त्या भीतीला चांगला शंभर-सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे.

पित्ताशय पहिल्यांदा मुद्दाम कापून काढलं ते बर्लिनच्या कार्ल लांगेनबुखनं, १५ जुलै १८८२ रोजी. रोगी त्रेचाळीस वर्षांचा होता आणि सोळा वर्षं पोटशूळानं पिचलेला. तोवरचे सर्जन फार तर पिशवी उघडून खडे वेचत आणि परत शिवून टाकत. लांगेनबुखचं म्हणणं, खडे बनवते ती पिशवीच, मग ती ठेवायची कशाला? हत्तीला आणि घोड्याला पित्ताशय नसतंच आणि त्यांचं काही अडत नाही, हा त्याचा आणखी एक मुद्दा. रोगी बरा झाला. धाकट्या मामांचं तर्कशास्त्र आणि लांगेनबुखचं तर्कशास्त्र सारखंच होतं, आणि निरोगी लिव्हरच्या माणसात, त्रास देणाऱ्या खड्यांपुरतं, ते आजही बरोबर आहे.

अडचण आहे ती पित्ताशय जिथं राहतं त्या घराची. ते लिव्हरच्या पोटाला चिकटून असतं. सिरॉसिसमध्ये लिव्हर आकसतं, दगडासारखं कडक होतं. 'सिरॉसिस' हे नाव फ्रान्सच्या लेनेकनं १८१९ मध्ये दिलं, तोच स्टेथोस्कोपवाला लेनेक. अशा लिव्हरचा पिवळट-तांबूस रंग पाहून ग्रीक शब्दावरून त्यानं ते पाडलं. लिव्हर कडक झालं की आतड्यांकडून येणारं रक्त त्यातून धड पार होत नाही. ते वाट शोधतं. अन्ननलिकेच्या तळाशी, बेंबीभोवती, पित्ताशयाच्या आजूबाजूला शिरा फुगून दोरखंडासारख्या होतात. प्लीहा वाढते आणि रक्तातल्या प्लेटलेट्स गिळते. रक्त गोठवणारे पदार्थ लिव्हरच तयार करतं, तेही कमी पडतात. म्हणजे रक्तानं तुंबलेल्या शिरा आणि न गोठणारं रक्त, अशा जागी सुरी घेऊन जायचं.

आणि गंमत (गंमत कसली!) अशी की खडे याच लोकांना जास्त होतात. सिरॉसिसमध्ये तांबड्या पेशी जास्त फुटतात, त्यातून बिलिरुबिन वाढतं, पित्तातले क्षार कमी होतात, पिशवीही आळसावते. त्यातून काळे, ठिसूळ खडे बनतात. इयन बूशिए या डॉक्टरांनी १९६९ मध्ये शवविच्छेदनांच्या नोंदी तपासून दाखवलं की सिरॉसिस असलेल्यांत खड्यांचं प्रमाण इतरांच्या दुपटीहून जास्त आहे. यातले बरेच खडे जन्मभर गप्प राहतात. रिपोर्टातली ती जाड भिंतही फसवी असते. एरवी ३ मिलीमीटरपेक्षा जाड भिंत म्हणजे पित्ताशयाला सूज असावी असा संशय घेतात. पण रक्तातलं अल्ब्युमिन कमी झालं आणि पोटात पाणी साचलं की पायावर जशी सूज येते तशी त्या भिंतीतही पाणी मुरून ती जाड दिसते. ताप नाही, दुखत नाही, दाबलं तरी रोगी कळवळत नाही, तर नुसत्या त्या एका ओळीवर ऑपरेशन ठरवता येत नाही.

हे सगळं कळायला बरीच माणसं दगावावी लागली. १९८२ मध्ये अरान्हा आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी सिरॉसिसच्या रोग्यांवर केलेल्या पित्ताशयाच्या ऑपरेशनांचा हिशोब मांडला, आणि लेखाच्या शीर्षकातच या ऑपरेशनला धडकी भरवणारं म्हटलं. ज्यांचं रक्त गोठायला जास्त वेळ लागत होता त्यांच्यातले बहुतेक वाचले नव्हते. मृत्यू रक्तस्रावानं, लिव्हर बसल्यानं, जंतुसंसर्गानं झाले. तीन वर्षांनी, १९८५ मध्ये, केपटाउनच्या बोर्नमन आणि टेर्ब्लांश यांनी एक मधली वाट सुचवली. सगळी पिशवी काढायचा अट्टहास सोडा. लिव्हरला चिकटलेली मागची भिंत तिथेच राहू द्या, पुढची काढा, खडे काढा, तोंड बंद करा आणि बाहेर या. लांगेनबुखनंतर शंभर वर्षांनी सर्जन पुन्हा 'थोडं ठेवा' म्हणायला लागले होते.

कोणाला हात लावायचा आणि कोणाला नाही, याचं मोजमाप मात्र त्याआधीच आलं होतं. १९६४ मध्ये चाइल्ड आणि टर्कॉट यांनी रोग्यांची ए, बी, सी अशी प्रतवारी केली. कावीळ किती, अल्ब्युमिन किती, पोटात पाणी आहे का, भान हरपतं का आणि अंगावर मांस किती, अशा पाच गोष्टी. १९७३ मध्ये लंडनच्या प्यू आणि सहकाऱ्यांनी त्यातली अंगावरच्या मांसाची अंदाजपंचे कसोटी काढून रक्त गोठण्याची वेळ घातली. आजही हीच प्रतवारी वापरतात. आमचे मामा 'सी' होते. अकोल्याच्या डॉक्टरांनी ते एका चिठ्ठीवर लिहूनही दिलं होतं. आम्हाला वाटलं व्हिटॅमिनचं नाव असेल.

आता दुर्बिणीबद्दल. कारण धाकट्या मामांचा दुसरा मुद्दा तोच होता, "दुर्बिणीनं तं करता येते ना?"

पोटात दुर्बीण पहिल्यांदा घातली गेली ती पित्ताशयासाठी नव्हेच. १९०१ मध्ये जर्मनीच्या केलिंगनं कुत्र्याच्या पोटात हवा भरून आत पाहिलं. १९१० मध्ये स्टॉकहोमच्या याकोबेयसनं माणसाच्या पोटात पाहिलं, आणि त्यासाठी निवडले ते जलोदराचे रोगी. त्यांच्या पोटातलं पाणी काढलं की दुर्बीण फिरवायला आयती जागा मिळे. म्हणजे मामांसारखीच माणसं. जलोदराचं पाणी काढणं ही विद्या आपल्याकडे त्याहून किती तरी जुनी. सुश्रुतसंहितेत बेंबीच्या खाली डाव्या बाजूला चार अंगुळांवर छेद देऊन नळीनं पाणी काढायला सांगितलंय, आणि सगळं एका दिवसात काढू नका असं बजावलंय. आज जास्त पाणी काढताना शिरेतून अल्ब्युमिन देतात, तीही काळजी त्याच जातीची. १९२९ पासून जर्मनीच्या हाइन्झ काल्कनं तिरकं पाहणारी दुर्बीण वापरून लिव्हरच्या रोगांचंच निदान केलं.

मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनी १९७२ मध्ये दुर्बीण हातात घेतली तेव्हाही काम हेच होतं, पोट फुगलेल्या गरीब रोग्याच्या आत बघून सांगायचं की हा क्षय, कॅन्सर की सिरॉसिस. सोनोग्राफी आणि सीटी स्कॅन तेव्हा आपल्याकडे कुठले! पुढे १९८५ मध्ये जर्मनीत म्यूहनं आणि १९८७ मध्ये फ्रान्समध्ये मूरेनं दुर्बिणीनं पित्ताशय काढलं, आणि १९९० मध्ये उडवाडियांनी जे. जे.त भारतातली पहिली तशी शस्त्रक्रिया केली. हे श्रीमंतांचे चोचले आहेत अशी टीका झाली. त्यावर त्यांचं उत्तर मला फार पटतं. चार दिवसांत कामावर परतण्याची खरी गरज हातावर पोट असलेल्याला असते. २०२३ च्या जानेवारीत ते गेले.

आणि आता इतिहासानं घेतलेलं वळण पाहा. ज्यांच्या पोटात दुर्बीण पहिल्यांदा शिरली, त्यांनाच नव्या ऑपरेशनाच्या दारातून परत पाठवलं गेलं. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेनं तज्ज्ञ बसवून नियम केले, त्यात शेवटच्या टप्प्यातला सिरॉसिस 'दुर्बिणीचं ऑपरेशन सहसा करू नये' या यादीत होता. पुढच्या काळात ए आणि बी गटातल्या रोग्यांवर सर्जन सावधपणे हात बसवत गेले. बेंबीजवळचं भोक फुगलेल्या शिरा चुकवून घ्यायचं, गरज पडली तर बोर्नमन-टेर्ब्लांशसारखी मागची भिंत सोडून द्यायची. त्रास देणाऱ्या खड्यांसाठी या दोन गटांत आज दुर्बीण हीच उघड्या ऑपरेशनापेक्षा बरी मानतात. सी गटात मात्र शक्यतो अजूनही नाही. पित्ताशय पिकलंच तर बाहेरून नळी घालून पू काढतात किंवा एन्डोस्कोपीनं आतून वाट करून देतात, आणि लिव्हर बदलता येईल का ते बघतात. लिव्हर बदलताना जुनं पित्ताशय त्याच्याबरोबर जातंच.

वऱ्हाडातल्या माणसाला हे सगळं फार दूरचं. अमरावतीचं इर्विन किंवा अकोल्याचं सर्वोपचार, आणि तिथून "नागपूरला न्या", हीच आमची प्रतवारी. अकोल्यात सरकारी मेडिकल कॉलेज झालं तेच मुळी २००२ मध्ये. काविळीला माळ घालणारे त्याच्या कितीतरी आधीपासून होते आणि अजून आहेत. गळ्यातली माळ वाढत वाढत बेंबीपर्यंत आली की कावीळ उतरली म्हणायचं. मामांनाही कुणीतरी घातली होती. तुळशीच्या माळेशेजारी ती बरेच दिवस होती.

धाकट्या मामांनी दुसऱ्या एका गावी डॉक्टर शोधलाही होता, जो ऑपरेशन करायला तयार होता. तारीखही ठरली. आदल्या दिवशी मामा स्वतःच म्हणाले, "दुखत नाही त काहून फाडता मले?" विषय तिथेच संपला. धाकटे मामा आठ दिवस बोलले नाहीत.

मामा त्यानंतर तीन वर्षं जगले. मीठ बंद, पाण्याच्या गोळ्या, अधूनमधून अकोल्याला जाऊन पोटातलं पाणी काढणं. दर सोनोग्राफीला टेबलावरून उठता उठता विचारायचे, "हाएत का जागेवर?" डॉक्टर हसून हो म्हणायचे. २००९ च्या पावसाळ्यात एका रात्री त्यांना रक्ताची उलटी झाली, अन्ननलिकेतली शीर फुटली होती. अकोल्याच्या वाटेवरच गेले. खडे जागेवरच होते.