जयपूरचा वारसाकलह व मराठ्यांचा हस्तक्षेप

परराज्यांत भाऊबंदकी माजली असतां तिसऱ्या राज्यानें तींत फौज घालावी कीं नाहीं, हा प्रश्न आजहि राष्ट्रांपुढें वारंवार येतो. त्याचा विचार करण्यास मराठ्यांच्या इतिहासांतच एक प्रकरण आहे. तें आपणांस भूषणावह नाहीं; म्हणूनच तें तपासणें अवश्य आहे.

सवाई जयसिंग इ. स. १७४३ च्या सप्टेंबरांत वारला व थोरला पुत्र ईश्वरीसिंग गादीवर बसला. परंतु १७०८ सालीं मेवाडच्या राजकन्येशीं विवाह ठरला तेव्हां, तिचा पुत्र धाकटा असला तरी राज्य त्यासच मिळेल, असें वचन जयसिंगानें दिलें होतें. तो पुत्र माधोसिंग. एकाच्या बाजूस ज्येष्ठत्व, दुसऱ्याच्या बाजूस करार. मेवाडचा राणा जगत्सिंग आपल्या या आतेभावाच्या कैवारास उभा राहिला, आणि दोन्ही पक्षांनीं मराठ्यांकडे धांव घेतली.

येथें मराठ्यांचेंच दुमत झालें. शिंद्यांचा ओढा ईश्वरीसिंगाकडे, तर होळकरांचा माधोसिंगाकडे. १७४७ च्या मार्चांत राजमहालच्या लढाईंत ईश्वरीसिंग विजयी झाला; पराभूत पक्षांत मल्हाररावांचा पुत्र खंडेराव होता. पुढील वर्षीं पेशवा बाळाजी बाजीराव स्वतः उत्तरेंत आला. तथापि तंटा मिटला नाहीं. ऑगस्टांत बगरू येथें मल्हाररावांनीं ईश्वरीसिंगास जेर करून माधोसिंगास परगणे देवविले. कबूल केलेल्या खंडणीचा तगादा मात्र थांबला नाहीं. १७५० च्या डिसेंबरांत होळकरांची फौज वसुलीसाठीं जयपुरावर येत असतां ईश्वरीसिंगानें आत्मघात केला.

कोणी म्हणतील, हा कौटिल्याच्या षाड्गुण्यांतील द्वैधीभाव होय. एकाशीं संधि व दुसऱ्याशीं विग्रह यांत दोष कोणता? आमचें उत्तर असें कीं, द्वैधीभाव एका राजाच्या बुद्धीनें चालावयाचा असतो. दोन सरदारांनीं दोन पक्षांकडून पैका घ्यावा व धन्यानें दोघांसहि सांभाळावें, यास नीति म्हणत नाहींत. त्याच सहा गुणांत आसन, म्हणजे स्वस्थ बसून काल पाहणें, हाहि एक गुण सांगितला आहे. पेशव्यानें नेमका त्याचाच अव्हेर केला.

मराठ्यांस कलहांत बोलावूनच नेलें होतें, त्यांनीं आक्रमण केलें नाहीं, हा बचाव खरा आहे. पण तो अपुरा आहे. बोलावणारा अडचणींत असतो, म्हणून वाटेल तें कबूल करितो. अडचण सरली म्हणजे तेंच कबूल केलेलें त्यास दरोडा वाटूं लागतें. माधोसिंग मराठ्यांच्याच बळानें गादीवर चढला होता. तरीहि १० जानेवारी १७५१ रोजीं, नवें शहर पाहण्यास व खरेदीस आंत आलेल्या मराठ्यांची जयपुरांत कत्तल झाली. ज्याचा पक्ष घेतला त्याच्याच नगरांत हें घडलें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

यावरूनहि कोणी शहाणा झाला नाहीं. मारवाडच्या वारसातंट्यांत जयाप्पा शिंदे रामसिंगाच्या वतीनें पडला आणि १७५५ च्या जुलैंत नागोरपाशीं मारेकऱ्यांच्या हातून प्राणास मुकला. १७६१ त पानिपतावर एकहि राजपूत राजा मराठ्यांच्या बाजूस उभा राहिला नाहीं. अब्दालीचें भय, पैशाची चणचण इत्यादि कारणें तेथें होतींच. पण अठरा वर्षांचा हा हिशेबहि त्यांत धरावा लागेल. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत मांगरोळ येथें मल्हारराव लढले ते याच माधोसिंगाच्या फौजेशीं.

पुढें १७७५ सालीं सुरतेच्या तहानें इंग्रज राघोबादादांचे कैवारी होऊन पुण्याच्या कलहांत शिरले. साष्टी व वसई हें त्या कैवाराचें मोल होतें. त्या वेळीं आपण ज्यास अन्याय म्हटलें, तोच धडा आपण जयपुरांत गिरवून दाखविला होता. आमचें मत असें कीं, परक्याच्या गृहकलहांत ज्यास मेहनताना ठरवून जावयाचें आहे, त्यानें जाऊं नये. कारण कलह मिटण्यांत त्याचा लाभ नसतो.

पेशवे दप्तरांतील उत्तरेकडील पत्रें छापलीं गेलीं आहेत. पण असल्या प्रकरणाचें मर्म पत्रांपेक्षां खंडणीच्या याद्यांत व हुंड्यांच्या हिशेबांत असतें. ज्यांच्या घरीं शिंदे-होळकरांकडील कारकुनांचे रुमाल असतील, त्यांनीं ते रुक्ष म्हणून बाजूस न टाकतां उघडून पाहावे, एवढीच विनंति आहे.