बिनडोळ्यांचे बिऱ्हाड

गेल्या पावसाळ्यात मी सातवीच्या वर्गात एक चित्र घेऊन गेलो होतो. वीत-सव्वा वीत लांबीचा प्राणी. अंगाचा रंग माणसाच्या फिक्या कातडीसारखा, काड्यांसारखे चार पाय, मानेच्या दोन्ही बाजूंना तांबड्या कल्ल्यांचे तुरे, आणि डोळ्यांच्या जागी काहीच नाही. मुले हसली. मी सांगितले, "हा युरोपातल्या गुहांतील पाण्यात राहणारा प्रोटिअस. अंड्यातून निघतो तेव्हा याला बारीक डोळे असतात. पुढे त्यांची वाढ खुंटते आणि ते कातडीखाली बुडून जातात."

एवढे बोलून मी पुढच्या धड्याकडे वळणार, तोच मागच्या बाकावरून आवाज आला, "गुरुजी, डोळे बुजवायचेच होते, तर आधी केले कशाला?"

मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला माणूस. कादंबरी लिहिताना अशी अडचण आली तर एखादे पात्र मारून वेळ निभावता येते. वर्गात ती सोय नाही. "उद्या सांगतो" म्हणालो आणि त्या उद्याला दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत मला कळले की हाच प्रश्न थोरथोरांनाही छळून गेला आहे.

ज्याला आज स्लोव्हेनिया म्हणतात, त्या देशाची बरीचशी भूमी चुनखडीची आहे. तिथे नदी चालता चालता गडप होते. पिव्का नदी पोस्टोयनाच्या गुहेत शिरते, 'उनित्सा' या नावाने बाहेर येते, पुन्हा लुप्त होते आणि 'ल्युब्लियानित्सा' होऊन प्रगटते. अशा मुलखात पोटात काय दडले असेल याविषयी दंतकथा न निघाल्या तरच नवल! व्ऱ्हनिका गावाजवळ एक झरा आहे. त्याच्या तळाशी आग ओकणारा ड्रॅगन राहतो, आणि मोठा पाऊस झाला की त्याची पोरे वाहून वर येतात, असे तिथले लोक मानीत. १६८९ साली वाल्वासोर नावाच्या सरदाराने आपल्या प्रांताचा प्रचंड इतिहास छापला, त्यात ही हकिकत नोंदवली. पण ते 'पोर' म्हणजे वीतभर लांबीचे पालीसारखे जनावर, असेही बजावून सांगितले. या ग्रंथापायी बिचाऱ्याला वाडा आणि ग्रंथसंग्रह दोन्ही विकावे लागले. लेखकांची परंपरा जुनी आहे म्हणायची!

ड्रॅगन गेला आणि विद्वान आले. १७६८ साली लॉरेंटी याने या प्राण्याला शास्त्रीय नाव दिले. रूप पालटणाऱ्या ग्रीक सागरदेवतेचे ते नाव, प्रोटिअस. १८०१ साली व्हिएन्नाच्या श्रायबर्सचा त्यावरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला. हे कुठल्या जनावराचे अर्धवट पिल्लू की पूर्ण वाढलेला प्राणी, यावर पंडितांची खडाजंगी झाली. सर हंफ्री डेव्ही, ज्यांनी १८१५ साली खाणकामगारांसाठी सुरक्षित दिवा केला, त्यांनाही या जीवाने भुरळ घातली. त्यांच्या निधनानंतर १८३० साली निघालेल्या पुस्तकातील एका संवादाचे नावच 'प्रोटिअस, अथवा अमरत्व' असे आहे. अंधारातल्या माणसांना दिवा देणारा पुरुष अंधारातच सुखी असणाऱ्या जीवापुढे थबकला, याची मला मौज वाटते.

मानाचे पान मात्र मी लुका चेच या माणसाला देईन. तो पोस्टोयनाच्या गुहेत दिवे लावणारा साधा नोकर. १८१८ साली बादशहाच्या भेटीची तयारी चालू असताना गुहेचा आतला अफाट भाग त्यालाच प्रथम सापडला. पुढे १८३१ साली त्याला एक बारीक मानेचा, डोळे नसलेला भुंगा दिसला. पुढल्या वर्षी श्मिट याने त्याचे वर्णन प्रसिद्ध केले आणि गुहेतच राहणारा कीटक पहिल्यांदा शास्त्रात दाखल झाला. तोवर असल्या अंधारात कीटक जगतो, हेच कोणाच्या गावी नव्हते.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. डार्विनने १८५९ साली आपल्या ग्रंथात गुहेतील आंधळ्या प्राण्यांचा विचार केला. अंधारात डोळे असल्याने काही बिघडेल असे त्याला वाटेना, म्हणून ते न वापरल्यामुळे गेले, असे त्याने ठरवले. पुढे व्हिएन्नाच्या पॉल कामेररने तांबड्या उजेडात प्रोटिअस वाढवून त्याचे डोळे मोठे केल्याचे जाहीर केले. गाजावाजा झाला, पण तो प्रयोग सर्वमान्य झाला नाही. १९२६ साली त्याच्या दुसऱ्याच एका प्रयोगातील, बेडकावरील, नमुन्यात शाई भरल्याचे उघडकीस आले, आणि काही आठवड्यांतच त्याने स्वतःला गोळी घालून घेतली. शाई कोणी भरली हा वाद आजही मिटलेला नाही. आंधळ्याला डोळे द्यावेत ही इच्छा किती माणुसकीची, आणि तिचा शेवट किती करुण!

खरा उलगडा मेक्सिकोतील एका माशाने केला. १९३६ साली तिथल्या गुहेतल्या आंधळ्या माशाचे वर्णन झाले. त्याचे डोळस भाऊबंद बाहेरच्या नद्यांत आहेत. अंड्यातील पिल्लाला डोळा फुटू लागतो. मग त्यातले भिंग मरते आणि डोळा ढासळतो. २००० साली यामामोतो आणि जेफरी यांनी डोळस माशाच्या गर्भातील भिंग आंधळ्याच्या गर्भात बसवले, तर डोळा वाढला! पुढे असेही दिसले की ज्या आज्ञेने या माशाच्या तोंडाशी चवीचे कण वाढतात, तीच आज्ञा डोळा आखडून घेते. शिवाय डोळा आणि त्यामागचा मेंदू पोसायला ऊर्जा लागते, आणि गुहेत अन्नाची टंचाई. म्हणजे डोळा उगाच गेला नाही. त्याच्या मोबदल्यात काही मिळाले. आणखी नवल म्हणजे, २००८ साली वेगवेगळ्या गुहांतील आंधळ्या जोडप्यांच्या काही पिल्लांना दिसू लागल्याचे प्रसिद्ध झाले. एकीत जे हरवले होते ते दुसरीत शिल्लक होते.

हे सारे परदेशातच घडते असे नाही. १८७२ साली फ्रान्सिस डे याने पुण्याच्या पाण्यातील बोटभर लांबीच्या, मिश्या असलेल्या एका माशाचे वर्णन केले आणि त्याला कर्नल एव्हेझार्ड यांचे नाव दिले. त्याच जातीचा मासा बस्तरमधील कोटमसरच्या गुहेत राहतो. १९५१ साली डॉ. शंकर तिवारी यांनी त्या गुहेचा शोध घेतला. तिथल्या माशांचे डोळे आक्रसलेले, रंग उडालेला. आपल्या ओढ्यातील डोळस माशाचे नातेवाईक तिकडे काळोखात संसार थाटून बसले आहेत!

आपण दिवाळीत अंधार घालवतो, आणि ते योग्यच आहे. पण जिथे अंधार हेच कोणाचे घर आहे, तिथे पणती जपून न्यावी. २०१६ साली पोस्टोयनाच्या गुहेत प्रोटिअसच्या एका मादीने चौसष्ट अंडी घातली, तेव्हा माणसांनी तिच्या टाकीवर पडदे टाकले आणि उजेडाशिवाय चालणाऱ्या कॅमेऱ्याने वाट पाहिली. एकवीस पिल्ले जगली. ड्रॅगनच्या भीतीपासून इथवर यायला आपल्याला सव्वातीनशे वर्षे लागली.

दोन महिन्यांनी मी वर्गात गेलो आणि त्या मुलाला उभे केले. म्हणालो, "आपल्याकडे गवंडी जुन्या वाड्याच्या नकाशावरच नवे घर बांधतो. नकाशात खिडकी आहे म्हणून सोडतो; मग मालक म्हणतो, इकडे काही दिसत नाही, त्यापेक्षा फडताळ करा. तसे हे. नकाशा पूर्वजांचा, खिडकी बुजवली ती पुढच्यांनी."

तो थोडा वेळ विचार करीत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे गुरुजी, त्याच्या खापरपणज्याला दिसत होतं."

"होय," मी म्हटले, आणि घंटा झाली.